ग्रिड सोड, समोरची गुळाची ढेप काढ

तुझा प्रश्न वाचला. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर काम करतोस, शाळेत असताना चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा दिलेली, मग सगळं सुटलं, आता वर्षभर मोबाईलवरचे फोटो ग्रिड टाकून, म्हणजे फोटोवर आणि कागदावर चौकोन आखून काढतोयस आणि बघणारे लई भारी म्हणतात, पण बेंदराला, बैलांच्या सणाला भाच्यानं 'मामा, बैल काढून दे' म्हटल्यावर हात पुढं सरकेना. आणि विचारतोयस की तिशीत, क्लास न लावता, ड्रॉईंगचा पाया पक्का करता येतो का आणि सुरुवात कुठनं करायची.

करता येतो. मी बरीच वर्षं ड्रॉईंग शिकवतोय, नोकरी सांभाळून शिकणारी माणसं कायम येतात आणि नेटानं बसली तर चांगलं काढायला लागतात. वयाचा प्रश्न डोक्यातनं काढून टाक.

आधी ग्रिडमध्ये नेमकं काय होतं ते समजून घे, कारण सगळी गाठ तिथंच आहे. समोरच्या वस्तूला लांबी, रुंदी आणि खोली असते. फोटो काढला की कॅमेऱ्यानं ती सपाट करून टाकली, कुठली रेघ किती तिरकी जाणार, कुठली कडा किती आखूड दिसणार हे सगळं कॅमेऱ्यानंच ठरवलं. मग चौकोन आखले की मोजमापाचं कामही झालं. तुझ्या वाट्याला उरलं ते एका चौकोनातलं दुसऱ्या चौकोनात उतरवणं. त्यानं हात साफ होतो, संयम येतो, पेन्सिलचा दाब कळतो, म्हणून वर्ष फुकट गेलं असं मी अजिबात म्हणत नाही. पण खोली असलेली गोष्ट सपाट कागदावर कशी आणायची हे ड्रॉईंगमधलं मुख्य काम, ते तुझ्या हातनं अजून झालेलंच नाही, आणि भाच्यापुढं बसल्यावर नेमकं तेच लागत होतं. म्हणून माझं पहिलं सांगणं, निदान तीन-चार महिने फोटो पूर्ण बंद. समोर ठेवलेली खरी वस्तू काढायची, रोज, अर्धा तास का होईना. शिफ्ट असेल त्या दिवशी दहा मिनिटं चालतील.

सामान फार घेऊ नकोस. साध्या झेरॉक्स कागदाचं एक रीम, एक २बी, एक ४बी पेन्सिल, खोडरबर, क्लिपवालं पॅड, आणि एक बॉलपेन. एच म्हणजे कडक आणि फिकट, बी म्हणजे मऊ आणि काळी, बीच्या आधीचा आकडा जेवढा मोठा तेवढी जास्त मऊ, एवढं कळलं तरी सध्या बास. महागडं स्केचबुक घेऊ नको असं मी सगळ्यांना सांगतो, कारण त्यात पान खराब होईल म्हणून माणूस घाबरत काढतो आणि तुला आत्ता भरपूर वाईट ड्रॉईंग काढायची आहेत. बॉलपेन मुद्दाम सांगितलंय. खोडता येत नाही म्हटलं की माणूस रेघ मारायच्या आधी बघतो.

आणि पॅड टेबलावर सपाट आडवं ठेवू नकोस, ही गोष्ट कुणी सांगत नाही. कागद आडवा असला की त्याची वरची कड डोळ्यापासनं लांब आणि खालची जवळ येते, वरचा भाग तुला आहे त्यापेक्षा आखूड दिसतो, मग तू नकळत तो ताणून काढतोस आणि उभा धरल्यावर चेहरा लांबुडका झालेला दिसतो. पॅड मांडीवर घेऊन टेबलाच्या कडेला टेकव, नजर कागदावर साधारण काटकोनात पडली पाहिजे. मग हाताचं. लिहिताना पेन्सिल टोकाजवळ धरून मनगटानं चालवतो, ते बारीक कामाला ठीक आहे, पण लांब रेघ खांद्यातनं यायला पाहिजे. पेन्सिल जरा मागं धर, कागदावर दोन ठिपके दे, हात हवेतच दोन-तीनदा त्या मार्गानं फिरव आणि मग एका दमात रेघ ओढ. केसाळ, तुकड्या-तुकड्यांची रेघ नको. सुरुवातीला ठिपका चुकेल, चुकू दे, सरळ गेली एवढं बघ. जुन्या वर्तमानपत्राच्या पानावर रोज पाच मिनिटं रेघा आणि लंबगोल काढले तरी महिन्याभरात हातात फरक जाणवतो.

आता बघण्याचं. ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे म्हणून इथं जरा थांबतो.

एक किलोची गुळाची ढेप घे, कोल्हापुरात ती कुठल्याही किराणा दुकानात मिळते. टेबलावर ठेव, तू दोन-तीन हात लांब बस. पेन्सिल हातात धरून हात पूर्ण ताठ कर, कोपर वाकता कामा नये, एक डोळा मीट, पेन्सिल चेहऱ्याला समांतर उभी धर, ढेपेकडं झुकवू नको. पेन्सिलचं टोक ढेपेच्या वरच्या कडेला लाव आणि अंगठा खाली सरकवत बुडाशी आण. ही झाली उंची. आता तेवढंच माप आडवं धर आणि बघ रुंदी त्याच्या किती पट येते. सव्वापट? जवळजवळ सारखीच? हे उत्तर सेंटीमीटरमध्ये नको, फक्त तुलना पाहिजे. कागदावर ढेप केवढी काढायची ते तू ठरव, पण उंची-रुंदीचं नातं तेच राहिलं पाहिजे. तू रोज मापाचा व्हर्नियर धरतोस, तुला हे माझ्या बाकीच्या विद्यार्थ्यांपेक्षा लवकर जमेल, फक्त मशीनवर माप निरपेक्ष असतं आणि इथं सगळं एकमेकांच्या तुलनेत, एवढा बदल डोक्यात कर.

कागदावर आधी चार फिकट खुणा कर, सगळ्यात वर कुठं, खाली कुठं, डावीकडं, उजवीकडं कुठं. वस्तू त्या हद्दीत बसली पाहिजे. मग निम्म्यावर काय येतं ते बघ. मग मोठ्या सरळ रेघांनी ढोबळ आकार, आणि वळणं सगळ्यात शेवटी. सगळे उलटं करतात, एका कोपऱ्यातनं बारीक कड काढत निघतात आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत कागद संपतो. तिरप्या कडांसाठी पेन्सिल त्या कडेवर धरून कोन बघ आणि तसाच कागदावर आण. उभ्या रेषेसाठी गवंड्याचा ओळंबा असतो ना, तसाच दोऱ्याला नट बांधून डोळ्यापुढं धर, म्हणजे कपाच्या कानाच्या बरोबर खाली बुडाचा कुठला भाग येतो ते कळतं. आणि वस्तूपेक्षा तिच्या भोवतीच्या रिकाम्या जागा बघायला शीक. कपाच्या कानाच्या आतली मोकळी जागा, खुर्चीच्या पायांमधले तुकडे. कप कसा असतो हे मेंदूला 'माहीत' असतं म्हणून तो समोरचं न बघता पाठ केलेलं काढायला लावतो, पण त्या रिकाम्या तुकड्याचा आकार त्याला पाठ नसतो, तो बघावाच लागतो. कठीण वाटणारी ड्रॉईंग कित्येकदा याच एका युक्तीनं सुटतात.

यानंतर घन आकार. ठोकळा, नळा, शंकू, गोळा. जगातलं बहुतेक सगळं यातनं उभं करता येतं, आणि इथं तुझी नोकरी तुला हात देणार आहे. तू जॉबचं ड्रॉईंग वाचतोस, फ्रंट व्ह्यू आणि टॉप व्ह्यू बघून तुकडा डोक्यात उभा करतोस. कितीतरी आर्टच्या पोरांना हे जमत नाही बघ! स्क्रॅपमधला एखादा बुश किंवा पायऱ्यांचा शाफ्ट मिळाला तर विचारून घरी आण, स्टीलची चमक आत्ता त्रास देईल म्हणून त्याला पांढरा पोस्टर कलर मार, आणि तो आडवा, उभा, तिरका ठेवून काढ. मग वस्तू लपव आणि तीच दुसऱ्या बाजूनं कशी दिसेल ते मनानं काढ, मग उघडून ताडून बघ.

गोल तोंडाच्या वस्तू काढताना दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे लंबगोलाची दोन्ही टोकं अणकुचीदार होतात, ती तशी कधीच नसतात, तिथंही वळणच असतं. दुसरी म्हणजे वरचा लंबगोल आणि बुडाचा लंबगोल सारखेच काढले जातात, किंवा टेबल सपाट आहे म्हणून बूड सरळ रेघेनं काढलं जातं. डोळ्याच्या पातळीच्या खाली ठेवलेला ग्लास बघ, तोंडाचा लंबगोल चपटा दिसतो आणि बुडाचा त्यापेक्षा जास्त फुगीर, कारण बूड डोळ्याच्या पातळीपासनं जास्त खाली आहे. ग्लास हळूहळू वर उचल, तोंड डोळ्यासमोर आलं की त्याची नुसती सरळ रेघ होते. हे एकदा हातात ग्लास धरून बघितलंस की आयुष्यभर चुकणार नाहीस. नळा आडवा पडलेला असेल तर लंबगोलाची लांब बाजू नळ्याच्या मधल्या अक्षाला काटकोनात ठेव.

पर्स्पेक्टिव्हला, म्हणजे लांबचं लहान आणि जवळचं मोठं दिसतं त्या हिशोबाला लोक घाबरतात, पण त्याचा जीव एकाच गोष्टीत आहे, तुझ्या डोळ्याची पातळी. रंकाळा तलावावर जा आणि उभा राहा, समोरच्या काठावरची झाडं, घरं बघ, डोळ्याच्या पातळीची रेषा कुठनं जाते ते पेन्सिल आडवी धरून ठरव. मग खाली बस. ती रेषा तुझ्याबरोबर खाली येते. त्या रेषेच्या वरच्या आडव्या कडा लांब जाताना खाली उतरतात, खालच्या वर चढतात, आणि एकमेकांना समांतर असलेल्या कडा त्या रेषेवर एकाच बिंदूकडं जातात. तुला इथं एक सावध सूचना आहे. तुमच्या आयसोमेट्रिक ड्रॉईंगमध्ये, म्हणजे तुकड्याच्या तिन्ही बाजू एकत्र दाखवणाऱ्या कारखान्यातल्या ड्रॉईंगमध्ये समांतर रेघा समांतरच राहतात, डोळ्याला मात्र त्या लांब जाताना जवळ येताना दिसतात, त्यामुळं कामाची सवय तुला हटकून समांतर काढायला लावणार आणि खोका मागच्या बाजूला फुगलेला दिसणार. उन्हाळ्यात पाणी उतरलं की रंकाळ्यातला संध्यामठ उघडा पडतो, दगडी खांब आणि सपाट छत, खोका आणि नळा यांचाच अभ्यास. चित्रकार आबालाल रहिमान यांनी हाच रंकाळा आणि हाच संध्यामठ रंगवला, मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकून आलेला तो माणूस कोल्हापुरात राहून इथलंच पाणी, इथलाच उजेड काढत राहिला. भवानी मंडपाची कमान, महाद्वार रोडवरच्या दुकानांच्या ओळी नंतर घे, गर्दीत बसून काढायचं धाडस यायला जरा वेळ लागतो. न्यू पॅलेस तर लगेच नकोच, तिथल्या तपशिलात माणूस हरवतो.

शेडिंग तुला येतं असं तुला वाटतंय, म्हणून जरा स्पष्ट बोलतो. फोटोतला गडद भाग गडद करणं येतंय. उजेड वस्तूवरनं कसा वळतो ते अजून शिकायचंय. रात्री ट्यूबलाईट बंद कर आणि ढेपेच्या एका बाजूला एकच टेबल लॅम्प लाव, दोन दिवे असले की सावल्या एकमेकांत घुसतात आणि काहीच कळत नाही. डोळे किलकिले करून बघ, बारीकसारीक गोष्टी पुसल्या जातात आणि उजेडाचा प्रदेश आणि सावलीचा प्रदेश असे दोन भाग दिसतात. आधी फक्त ती हद्द काढ आणि सावलीचा सगळा भाग एकाच राखाडी रंगानं भर. एवढ्यानंच ढेप उभी राहिलेली दिसेल. मग आतले फरक. उजेड संपतो तिथं सावलीचा सगळ्यात गडद पट्टा, त्याच्या पुढं टेबलावरनं उडून आलेला थोडा उजेड, आणि टेबलावर पडलेली सावली, जी वस्तूला चिकटून गडद आणि लांब जाताना मऊ होते. तो उडून आलेला उजेड सगळे फार पांढरा करतात. एक नियम पाळ, सावलीतला सगळ्यात उजळ भागसुद्धा उजेडातल्या सगळ्यात काळपट भागापेक्षा गडदच पाहिजे. आणि बोटानं, कापसानं घासणं सोड, त्यानं सगळं गुळगुळीत होतं पण आकार विरघळून जातो. रेघांनी भर, आकार जसा वळतो तशा रेघा वळव.

आता मनानं काढणं. तुला एलिमेंटरीला स्मरणचित्राचा पेपर होता, आठवतोय? तो विषय बहुतेक पोरं पाठ केलेली झाडं आणि झोपड्या काढून उरकतात, पण त्यामागची कल्पना फार चांगली आहे. समोर बघून एक वस्तू काढ, मग कागद उलटा कर, वस्तू झाक आणि पुन्हा काढ. मग ताडून बघ, कुठं आठवलं नाही? जिथं आठवलं नाही तिथं तू नीट बघितलेलं नव्हतं, पुढच्या वेळी तिथंच बघायचं. कल्पनेतनं काढणारी माणसं हवेतनं काढत नाहीत, त्यांनी इतकं बघून साठवलेलं असतं की ते फिरवून, वळवून वापरता येतं.

बैलाचंच घे. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसगाड्यांचे बैल रस्त्यावर दिसतात, कुठं थांबलेले असतील तिथं पंधरा मिनिटं उभा राहा. आधी पाठीची रेघ, मानेपासनं शेपटीपर्यंत, एका झटक्यात. मग बरगड्यांचा मोठा अंड्यासारखा घन, मागं कमरेच्या भागाचा खोका, पुढं खांदा आणि त्यावर वशिंड. डोकं म्हणजे निमुळता ठोकळा. मागच्या पायाचा जो सांधा मागं वाकलेला दिसतो त्याला लोक गुडघा समजतात, पण ती खरं म्हणजे टाच असते, गुडघा वर पोटाजवळ असतो, एवढं एक कळलं तरी जनावर पायावर उभं राहतं. शिंगं, डोळे, झूल सगळ्यात शेवटी. बैल हलणार, शेपटी मारणार, अर्धवट राहिलं की तसंच सोडून शेजारी नवीन सुरू कर, तो परत त्याच पोझमध्ये आला की मागच्यावर ये.

माणसांसाठी पण हेच. सीबीएसवर, मध्यवर्ती बसस्थानकावर एसटीची वाट बघणारी माणसं, गंगावेशीत कट्ट्यावर दूध प्यायला आलेली माणसं, प्रत्येकाला अर्धा मिनिट ते दोन मिनिटं, फक्त वजन कुठल्या पायावर आहे, खांदे आणि कंबर कुठं कललेत एवढंच. एखाद्या तालमीत ओळख असेल तर वस्तादांना रीतसर विचारून कोपऱ्यात बस, उघड्या अंगाची, जोर मारणारी शरीरं बघायला मिळणं ही कोल्हापूरच्या माणसाची चैन आहे, बाहेरच्या शहरात त्यासाठी मॉडेलला पैसे मोजतात. प्रमाणाचं म्हणशील तर मोठं माणूस साधारण साडेसात डोकी उंच असतं, आणि डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात. सगळे डोळे वर काढतात, कारण कपाळ आणि केसांची जागा आपण हिशोबातच धरत नाही. तुझ्या पोर्ट्रेटमध्ये हे ग्रिडनं सांभाळून घेतलं, बिनग्रिडचा एक चेहरा काढ म्हणजे तुझं तुला दिसेल.

चूक शोधायला गुरू नसेल तर काय, हा तुझा दुसरा प्रश्न. ड्रॉईंग झालं की उलटं धरून बघ, आरशात बघ, कललेलं लगेच दिसतं. आणि मोबाईल इथं वापर. ड्रॉईंग पूर्ण झाल्यावर, तू बसला होतास त्याच जागेवरनं, डोळ्याच्या उंचीवर धरून वस्तूचा फोटो काढ आणि ताड. फार जवळनं काढू नकोस, जवळनं फोनची लेन्स पुढचा भाग मोठा करते. चुकलेल्या जागेवर लाल पेननं खूण कर आणि तेच ड्रॉईंग दुसऱ्या दिवशी पुन्हा काढ. प्रत्येक कागदावर तारीख टाक आणि फेकू नकोस. व्हिडिओ बघायचे तर एकाच शिकवणाऱ्याचे बघ, एक बघितला की तो करून झाल्याशिवाय दुसरा नाही.

स्वतः शिकणं म्हणजे एकट्यानं शिकणं असा अर्थ मात्र घेऊ नकोस. कोल्हापूरचे चित्रकार आणि सिनेमा दिग्दर्शक बाबूराव पेंटर कुठल्या आर्ट स्कूलला गेले नाहीत, पण घरात कारागिरी होती, चुलतभाऊ आनंदराव बरोबर होते, दोघांनी मिळून नाटकांचे पडदे रंगवले, हात तिथं तयार झाला, आणि त्याच हातानं पुढं १९२० मध्ये 'सैरंध्री' हा सिनेमा केला. तुलाही असं एखादं माणूस शोध, कंपनीतलं, गल्लीतलं, आठवड्यातनं एकदा रविवारी सकाळी दोघांनी एकाच वस्तूभोवती बसून काढायचं आणि कागद अदलाबदल करायचे. शाहू स्मारक भवनच्या कलादालनात प्रदर्शनं लागतात, जात जा, चित्रकार स्वतः बसलेला असतो, पाच ड्रॉईंग बरोबर ने आणि सरळ विचार, बहुतेक जण मनापासनं बघून सांगतात. टाऊन हॉल म्युझियममध्ये आणि राजारामपुरीत नट आणि चित्रकार चंद्रकांत मांडरे यांच्या कलादालनात मूळ चित्रं बघ. छापलेल्या चित्रात हाताचा वेग दिसत नाही, मुळात दिसतो.

क्लास कधी लावायचा? सहा-आठ महिने असं बसलास, ढेप, खोका, ग्लास नीट उभे राहायला लागले आणि माणसाच्या अंगाशी अडलास की लाव. तेव्हा तुला नेमकं काय विचारायचं ते माहीत असेल आणि शिकवणाऱ्यालाही तुझ्याबरोबर काम करता येईल. चौकशी करताना एकच विचार, समोर बसवून काढायला लावता की फोटोवरनं? फोटोवरनं म्हणाले तर दुसरीकडं बघ.

टॅब घेऊ का म्हणून शेवटी विचारलंयस. आत्ता नको. त्यात चुकलेली रेघ एका टचमध्ये मागं घेता येते आणि तुला सध्या ती कागदावर तशीच राहिलेली बघायची गरज आहे. ते पैसे बाजूला ठेव, पुढच्या वर्षी घे, तोपर्यंत रीम संपलं की दुसरं आण.